मोजता न येणारा जिना

बंद पडलेल्या जुन्या सूतगिरणीतला जिना छतासकट कोसळला, त्याच आठवड्यात जतनाचं काम बघणाऱ्या वास्तुविशारद बाईंचा फोन आला. "तुमच्याकडे त्याचे फोटो आहेत ना? मला पायरीची उंची हवी आहे."

फोटो होते १४०.

परवानगी काढून मी तिथे अख्खा दिवस घालवला होता. अशा इमारतीत आधी पाय जपायचे. लाकडी मजल्यावर खिळ्यांच्या रांगेवरूनच चालायचं, कारण वासा तिच्याच खाली असतो. जिना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि त्याचा भरवसा नाही. पोलाद निदान वाकून सांगतं, बीड एकदम तुटतं. म्हणून जिन्यावर चढलो नाही, समोर बसून राहिलो. गोल जिना, प्रत्येक पायरीला पानांच्या नक्षीची ओतीव जाळी. फुटक्या छतातून ऊन आलं की ती जाळी मागच्या भिंतीवर उमटायची. कॅमेऱ्यात उजेड घ्यायला उन्हाच्या पट्ट्याला सेकंदाचा दोनशेवा भाग, अंधाऱ्या कोपऱ्याला चार सेकंद, असे पाच-पाच फोटो जोडत दोन तास त्या सावलीमागे गेले.

आम्हा पडक्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्यांचं इथेच चुकतं. सगळ्यांना उदास उजेड हवा असतो, इमारत कुणालाच नको असते. माझे सगळे फोटो खालून, खूप रुंद दृश्य घेणाऱ्या १६ मिलिमीटरच्या लेन्सने, कडेच्या पायऱ्या ताणलेल्या. समोरून, मोजपट्टी ठेवून काढलेला एकही नाही. शेजारच्या फोटोशी साठ-सत्तर टक्के भाग सामाईक असलेले फोटो ओळीने घेतले असते, तर संगणकावर अख्खा जिना उभा करता आला असता. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेश्ट मायडेनबाउअर हा वास्तुविशारद पडता पडता वाचला आणि फोटोवरून मोजण्याची कल्पना त्याच्या डोक्यात आली. हे मी वाचलेलं होतं. तरी माझी मोजपट्टी बॅगेतच राहिली.

परवा रात्री एका फोटोत दुसऱ्या पायरीवर माझंच लेन्सचं झाकण सापडलं. ७७ मिलिमीटर व्यासाचं, जाळीवर सपाट पडलेलं. त्यावरून पायरीची रुंदी आणि एकेका पानाचा आकार निघाला. बाईंना लगेच कळवलं.

उंची मात्र झाकणावरून निघत नाही. पण जिन्यामागची विटांची भिंत अजून उभी आहे आणि मधल्या खांबाचे बोल्ट जमिनीतच आहेत. फोटोतल्या पायऱ्या त्यांच्याशी ताडता याव्यात म्हणून खांबापासून भिंतीपर्यंतचं अंतर आणि विटांचे थर मोजायला उद्या सकाळी जातोय, या वेळी मोजपट्टी हातात घेऊन.