तुम्ही विचारलंत म्हणून: गरिबीनं मला काय दिलं

वाचनाचा विषय निघाला की हे कुणीतरी विचारतंच, "एवढ्या हलाखीत वाढलात, त्या गरिबीनंच तुम्हाला घडवलं ना?" नाही हो. गरिबीनं फक्त नेलं. जे काय मिळालं ते घरच्यांनी दिलं आणि पुस्तकांनी दिलं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो, बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाख कामगार घरी बसले त्यात तेही, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत. मार्चमध्ये वाण्यानं उधारी बंद केली तेव्हा बाबा म्हणाले, लायब्ररीचं पुस्तक देऊन ये, डिपॉझिटचे वीस रुपये सुटतील. पुस्तक अर्धंच झालं होतं. मी सांगितलं मित्राकडे आहे, तो गावी गेलाय, आणि माझ्या गोधडीच्या वळकटीत लपवलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर मोरीतला तांब्याचा हंडा नाही, आईच्या माहेरचा, फरशीवर त्याचा गोल हिरवट डाग तेवढा राहिलेला. आई डालड्याच्या डब्यात पाणी भरत होती, काही बोलली नाही.

त्याच रात्री अंथरूण घालताना पुस्तक बाबांच्या हाताला लागलं. मी मार खायच्या तयारीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पानं राहिली?" साठेक, म्हटलं. "मग बस गॅलरीतल्या दिव्याखाली. आज संपव, उद्या देऊन येऊ." आणि शेजारी बसून राहिले, पहाटे नळाला पाणी येईपर्यंत.

पुढे भाषणांत मी हेच सांगायचो, आमची श्रीमंती म्हणून. हंडा गाळून. श्रीमंती होतीच, ते खोटं नाही, घरात दाणा नसताना बाप पोराची राहिलेली पानं विचारतो ह्याला मी दुसरं काय म्हणू? पण मी खोटं बोललो नसतो तर हंडा राहिला असता का? बायको म्हणते, लहान होतास, सोड आता. लहान कसला, वाण्याचा हिशोब मीच लिहायचो वहीत.

हंडा परत आला नाही. आईनं तो विषय कधी काढला नाही आणि ती होती तोवर मलाही विचारायचं धाडस झालं नाही. कारण आमच्या घरात सकाळी सगळ्यांच्या गोधड्या आईच गुंडाळायची. त्या तीन दिवसांतही तिनंच गुंडाळल्या.