आईच्या वाट्याची वारी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. निफाड तालुक्यातील आमच्या गावची दिंडी त्यासाठी दरवर्षी पायी निघते आणि आई चौतीस वर्षे तिच्यात चालत आली. यंदा गुडघे चालेनात, तेव्हा तिने मला सांगितले, "माझ्या वाट्याची तू चाल. देव मानायचा की नाही ते तुझं तू बघ." मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून देव मानत नाही, हे तिला पुरते ठाऊक आहे. तरीही मला नाही म्हणवले नाही.

दिंडीला मी पंचवटीत मिळाले. जवळच काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे चिकाटीने चालवला, आणि दार न उघडल्यामुळे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. श्रद्धेविषयी बोलताना नाशिकच्या माणसाला हे विसरता येत नाही, आणि येऊही नये.

सातपूरची औद्योगिक वसाहत मागे पडली, तेव्हा विणेकरी बाबांनी विचारले, "ताई, गळ्यात माळ दिसत नाही?" मी खरे ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग चालता कुणासाठी?" मी म्हटले, "आईसाठी." त्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा अभंग धरला. मला वादाची तयारी ठेवावी लागेल असे वाटले होते; ती वेळ आली नाही.

वाद झाला तो दिंडीतल्याच दोघांत. आमच्या रांगेत चालणाऱ्या एका बाईंच्या मुलीचे लग्न जमत नव्हते. तिच्या पत्रिकेत कालसर्पयोग असल्याचे कोणीतरी सांगितले होते आणि त्या शांतीसाठी त्यांनी व्याजाने पैसे काढले होते. बाबा त्यांना म्हणाले, "ज्याने विठ्ठल धरला, त्याला ग्रह काय करणार? नवसाने पोरे होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असे तुकोबांनी विचारून ठेवले आहे." बाई रडवेल्या झाल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या घरात बत्तीस वर्षांची लेक बसलेली नाही." मला बाबांचे म्हणणे पटत होते, परंतु त्या वाक्यापुढे मला काही बोलवले नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. माझा राग त्या भीतीची किंमत ठरवून पैसे घेणाऱ्यावर होता आणि अजून आहे.

अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा मात्र मला अधिक खटकला. देव वगैरे मानत नाही, पण मंदिराच्या गाभाऱ्यात चुंबकीय लहरी असतात आणि प्रदक्षिणेने सकारात्मक ऊर्जा मिळते, असे तो ठामपणे सांगत होता. ही ऊर्जा कोणत्या एककात मोजतात, असे मी विचारल्यावर तो गप्प झाला. बाबांची श्रद्धा स्वतःला श्रद्धाच म्हणवते. विज्ञानाचे कपडे घालून येणारी समजूत ओळखायला मला जास्त कठीण वाटते, कारण ती माझ्याच वर्गातून बाहेर पडलेली असते.

मुक्काम अंजनेरीला होता. थंडी कडाक्याची होती. शेकोटीपाशी बाबांनी विचारले की, जादूटोण्याच्या कायद्याने वारी बंद होणार असे त्यांनी त्या वेळी ऐकले होते, ते खरे होते का. मी त्यांना सांगितले की, २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना तो लागू नाही, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे मात्र गुन्हा आहे. बाबा म्हणाले, "मग याला आडवं यायचं काय कारण होतं?"

सापाचे नाव निघाले आणि मी त्यांना माझ्या भावाविषयी सांगितले. तो नऊ वर्षांचा होता, मक्याच्या शेतात त्याला साप चावला. दवाखाना अकरा किलोमीटरवर होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे औषध तेव्हाही होते. घरच्या मोठ्यांनी त्याला शेजारच्या वस्तीवरील भगताकडे नेले. भगताकडे नेलेली माणसे वाचतात, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही. ते सगळे श्रेय मंत्राला जाते. माझ्या भावाच्या अंगात विष गेले होते. पहाट होण्याआधी तो गेला, दंडाला गंडा तसाच होता.

त्या वर्षी मी देव सोडला आणि त्याच वर्षी आईने माळ घातली. मला हे इतके विपरीत वाटले की तिला त्याविषयी मी कधी विचारले नाही. मात्र त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत अंगारा किंवा दोरा आला नाही. मला ताप आला की आजीला न जुमानता आई मला आधी डॉक्टरकडे नेत असे.

रात्रीच्या कीर्तनात निवृत्तिनाथांची कथा झाली. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या कुटुंबाला वाळीत टाकले, आईबापांना देहत्यागाचे प्रायश्चित्त दिले, आणि पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, म्हणजे ती रीत आपल्या काळापर्यंत पोचली आहे. ज्यांना धर्माच्या नावाने छळले, त्यांच्याच नावाची पताका घेऊन आम्ही चाललो होतो, हे मला त्या रात्री प्रथमच नीट जाणवले.

सकाळी त्र्यंबकला पोचल्यावर दिंडी समाधीच्या रांगेत गेली. मी बाहेर थांबले. निरोप घेताना बाबांनी वारकरी रीतीप्रमाणे वाकून माझे पाय धरले. मी मागे सरायच्या आत ते झालेही होते. मग मीही त्यांच्या पाया पडले. तेथूनच आईला फोन लावला आणि चौतीस वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भगत म्हणाला, देवाच्या मनातच होतं. पोर नेणारा देव मला नको होता गं. माघात गावावरून एक दिंडी परत चालली होती, तिच्यातल्या बाया माझ्याजवळ बसल्या, देवाचं काही बोलल्या नाहीत. पुढच्या पौषात त्यांच्याबरोबर गेले."

नंतर तिने पायाला फोड आलेत का ते विचारले, आणि परतीची एसटी किती वाजता आहे तेही.