तिसऱ्या मजल्यावरचा खांब

मुंबईतल्या काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन्स हॉटेलचा, विषय निघाला की ७ जुलै १८९६ रोजी तिथे झालेला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ हमखास निघतो. मला आठवतो तो तिथला एक खांब.

रोलंड ऑर्डिश या अभियंत्याने आखलेला हा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडला. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे होऊन त्यांत घरे आणि कार्यालये थाटली गेली. सत्र न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांची विशेष गर्दी. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला.

२०१८ च्या पावसाळ्याआधी तिथल्या एका वकीलसाहेबांनी मला आपली खोली तपासायला बोलावले. माझ्याजवळच्या छापील नमुन्यात काँक्रीटची ताकद, सळईचा गंज असे रकाने होते. खांब होता बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाला रकानाच नव्हता, आणि जुन्या इमारतींनी भरलेल्या या शहरात तो असावा असे कोणाला सुचलेलेही दिसत नाही. घडीव लोखंड गंजताना पापुद्रे सोडते, वाकून इशारा देते. बीड थेट तडकते. म्हणून रंगाचे थर खरवडून मी खांबाला घासलेट लावले, पुसून कोरडे केले आणि वर खडू फासला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसाएवढी काळपट रेघ उमटली. ती निघाली होती तिथेच, पोटमाळा पेलण्यासाठी, कोणीतरी लोखंडी अँगल खांबाला वेल्ड करून टाकला होता. थंड बिडावर असा डाग दिला की ते तडकते, हे आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असते.

वकीलसाहेबांना हवा होता 'सुरक्षित' एवढाच शब्द. पोटमाळा उतरवा म्हटल्यावर ते म्हणाले, "मग साहेब, फायली ठेवू कुठे?" खांब वयाने नव्हे तर वेल्डिंगने तडकला आहे, वरचा भार ताबडतोब काढावा, असे मी लिहून दिले आणि थांबलो. त्याची प्रत सरकारी यंत्रणेलाही पाठवायला हवी होती का, हे माझे अजून ठरत नाही.

२०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. एका अहवालाने ती पाडायला सांगितले, नंतरच्या अहवालाने दुरुस्ती शक्य असल्याचे म्हटले. रिकामी होण्याच्या थोडे आधी मी त्या खोलीत पुन्हा गेलो होतो. फायली पोटमाळ्यावरच होत्या, अँगल जागच्या जागी होता, आणि रेघेवर ताजा तैलरंग चढला होता.