नऊ महिन्यांनी रतनगड

आमच्या ट्रेकिंग क्लबचा टाळेबंदीआधीचा शेवटचा ट्रेक मार्च २०२० च्या पहिल्या रविवारी झाला. उतरताना सात-आठ जणांनी एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं होतं. त्या दिवसाचा फोटो नंतर ग्रुपवर इतक्यांदा फिरला की त्या बाटलीला वेगळंच वलय आलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. मे महिन्यातलं गिर्यारोहणाचं प्राथमिक शिबिर रद्द झालं, लोकांचे पैसे परत केले, आणि क्लबच्या खोलीला कुलूप लागलं.

मधल्या काळात आम्ही स्वस्थ बसलो नाही, पण फार मोठं काही केलं असंही नाही. दर शनिवारी रात्री आठला झूमवर भेटायचो. पहिले चार शनिवार उत्साह होता, मग निम्मे जण कॅमेरा बंद करून जेवायला लागले. त्यातून टिकली ती गाठींची शिकवणी. प्रत्येकाने घरातल्या खिडकीच्या ग्रिलला दोर बांधायचा आणि शिकवणाऱ्याने 'कॅमेरा खाली घे, गाठ दिसत नाहीये' असं ओरडायचं. कोणीतरी जिना चढायची टूम काढली. कळसूबाई १६४६ मीटर, आमच्या चार मजली इमारतीचा जिना साधारण बारा मीटर, म्हणजे एकशे सदतीस वेळा वर-खाली. मी ते अकरा दिवसांत पुरं केलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी संबंध बिघडवून घेतले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा परवाना काढून दोन गाड्या रायगडाच्या घेऱ्यातल्या वाड्यांवर ताडपत्र्या आणि शिधा घेऊन गेल्या. समोर गड होता आणि कोणीही वर गेलं नाही. तेवढा शहाणपणा होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्हाबाह्य प्रवासाचा ई-पास रद्द झाला आणि लगेच 'कधी जायचं' सुरू झालं. माझं मत विरोधात होतं. मोठे ट्रेक आखायला संस्थांची धडपड चालली होती, पण पायथ्याच्या गावांना कोणी विचारलं होतं का? मार्च-एप्रिलमध्ये कित्येक गावांनी वेशीवर दगड आणि बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. त्या कोणासाठी होत्या? आपल्यासारख्यांसाठीच. शेवटी बैठकीत एवढंच ठरलं की जायचं, पण आधी गावाला विचारून, आणि नऊच जण.

रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत मामांकडे आम्ही दहा-बारा वर्षं उतरतो. यंदाही तिथेच जायचं ठरलं होतं. नोव्हेंबरअखेर फोन केला. मामा जरा वेळ गप्प राहिले.

"या तुम्ही. पण मागच्या रविवारी दोन बसा भरून आली होती माणसं. तोंडाला फडकं नाही, देवळात दाटी, आन जाताना विहिरीवर हात-पाय धुतले. पोरं चिडलीत. तुम्ही किती जण?"

"नऊ."

"मग या. म्हातारीच्या खोलीकडं कोणी जायचं नाही. बाहेर खाचरात तंबू टाका."

हे बोलणं झालं नसतं तर आम्ही नेहमीसारखे त्यांच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या असत्या आणि ऐंशी वर्षांच्या आजींच्या उशाशी रात्रभर घोरलो असतो. ज्यांना जायचंय त्यांनी सगळ्यात आधी हा एक फोन करा. गुगलवर 'रस्ता खुला' दिसतो, गावाचं मन दिसत नाही.

१९ डिसेंबर, शनिवार. पुण्याहून तीन गाड्या, प्रत्येकीत तिघे, आणि शक्यतो रोज एकमेकांना भेटणारेच एका गाडीत. दहावा गडी नारायणगावला भेटणार होता. सकाळी त्याच्या वडिलांची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याने स्वतःहून फोन करून माघार घेतली. हे लिहून ठेवतोय, कारण हे सोपं नसतं. नऊ महिने वाट पाहिलेला माणूस 'मला तर काही होत नाहीये' म्हणून गाडीत बसू शकला असता. (हो, ठरलेले नऊ आणि निघणार होते दहा. आमच्या क्लबात आकडेमोड अशीच असते. मामांना मी कळवलंही नव्हतं.)

रस्ता पुणे–नाशिक महामार्गाने संगमनेर, मग अकोले, राजूर, शेंडी. मुंबईकरांनी कसारा, घोटी, बारी करून शेंडी गाठावी. इंधन आणि रोख पैसे राजूरलाच घ्या, पुढे भरवसा नाही. शेंडीच्या पुढे अभयारण्याचं प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवायची. शेंडीपासून रतनवाडी सुमारे वीस किलोमीटर, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत. धरण १९२६ चं, रस्ता बहुधा त्याच्याही आधीचा असावा असं वाटण्याइतके खड्डे. अंधार पडायच्या आत पोचाच.

गावात शिरताना सगळ्यांनी मास्क चढवले. खाचरातलं भात निघून गेलं होतं, धसकटं टोचत होती. जाड प्लॅस्टिक खाली अंथरल्याशिवाय तंबू लावू नका, आमच्या एका नव्या तंबूच्या तळाला दोन भोकं पडली. तिघांच्या तंबूत दोघं आणि वरच्या खिडक्या उघड्या. थंडी वाजते, जास्तीचं पांघरूण न्या. गडावरच्या गुहेत मुक्काम करायचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी अशा साथीच्या काळात तरी तो सोडावा. एकाच तोंडाची गुहा, आत वारा नाही, आणि शेजारी पथारी टाकणारा कुठून आलाय ते माहीत नाही.

जेवण मामांच्या घरच्या मावशींनी चुलीवर केलं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता काळभात. ताटं-पेले आम्ही घरून नेले होते. मावशी ओट्यावरून वाढायच्या आणि आम्ही एकेक जण पुढे होऊन घ्यायचो. मावशींना ते पटलं नाही. "असं भिकाऱ्यासारखं काय घ्यायचं," म्हणाल्या. दुसऱ्या भाकरीनंतर त्यांनाच गंमत वाटायला लागली.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. साडेसहाच्या सुमारास गडाच्या अंगाला चंद्राची कोर आणि तिच्या खाली गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. दोन दिवसांनी, २१ ला, ते सर्वांत जवळ दिसणार होते. सगळ्या जगाला दोन गजांचं अंतर सांगितलेलं, यांना कोणी सांगितलं नव्हतं. मामांचा नातू दुर्बीण सोडेना. त्याची शाळा मार्चपासून बंद होती, मोबाइलवर शिकवायचे म्हणे, पण गावात रेंज नव्हती. टेकाडावरच्या एका दगडावर उभं राहिलं की सिग्नलच्या दोन काड्या यायच्या, त्या दगडाला पोरं 'वर्ग' म्हणायची.

मामा शेकोटीपाशी सांगत होते. मे-जूनमधले काजवे म्हणजे इथली दिवाळी, तेवढ्या महिन्यात वर्षाचं मीठ-मिरची निघते. यंदा काजवे आले, माणसं नाहीत. त्यांचा धाकटा एप्रिलमध्ये भिवंडीहून चालत आला, चौथ्या दिवशी पोचला आणि चौदा दिवस शेतातल्या झापात (झोपडीत) राहिला. जेवण बांधावर ठेवायचे. एवढं सांभाळलेल्या गावात आपण जातोय हे ध्यानात असू द्या. आणि घासाघीस करू नका. आम्ही माणशी दर नेहमीच्या दीडपट दिला, तरी मावशींनी त्यातून बांधून दिलेल्या भाकऱ्यांचे पैसे धरले नाहीत.

पहाटे साडेपाचला उठलो. आमच्यातला एक जण सप्टेंबरमध्ये करोनातून उठलेला. डॉक्टरांनी 'हळू चाला' म्हणून परवानगी दिलेली, तरी आम्ही ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) नेला होता. तंबूतून बाहेर आल्या आल्या बोट घातलं तर ८८. सगळ्यांची झोप उडाली. गाडी काढायची की काय, अशी कुजबूज झाली. मग क्लबमधल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात चहाच्या पेल्याभोवती धरायला लावला, पाच मिनिटं थांबवलं, पुन्हा लावलं. ९७. गारठलेल्या बोटावर हे यंत्र खोटं बोलतं. मशीन नेणार असाल तर ही गोष्ट आधी समजून घ्या, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. धाप लागते का, बोलताना वाक्य तुटतं का.

दुसरी धांदल त्याच पाच मिनिटांतली. एकाने हाताला सॅनिटायझर चोळलं आणि स्टोव्ह पेटवायला बसला. हात ओला होता. अल्कोहोलची ज्योत उजाडताना दिसतही नाही, त्याला चटका बसला तेव्हा कळलं. अंगठ्यावर फोड आला, एवढ्यावर निभावलं. चुलीजवळ साबण-पाणीच वापरा.

साडेसहाला अमृतेश्वराच्या देवळापासून निघालो. १६ नोव्हेंबरपासून राज्यातली देवळं उघडली होती, पण आम्ही दर्शन बाहेरूनच घेतलं. कोरीव काम पाहायचं तर गर्दी नसताना सकाळीच पाहा, पुष्करिणीच्या कोनाड्यांतल्या मूर्ती चुकवू नका. पुढे वाट प्रवरेच्या पात्राकाठाने जाते आणि पात्र तीन-चार वेळा ओलांडते. इथे आम्ही चुकलो. कित्येक महिने माणसांचा फारसा राबता नसल्याने गुरांच्या वाटा जास्त मळलेल्या होत्या, आणि पावसाळ्यानंतर आडव्या पडलेल्या कारवीच्या झुडपांनी खरी वाट झाकली होती. मी स्वतः दहाव्यांदा येत होतो, तरी वीस मिनिटं भलतीकडे नेलं. पुढे रानात फाटा लागतो. उजवी वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे. शंका आली की मागे फिरा, आणि पहिल्यांदा जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्याच. त्या वर्षी तर त्यालाही त्या पैशांची गरज होती.

चढताना मास्क लावून चालायचा हट्ट करू नका, जीव घाबरा होतो. आम्ही रांगेत दोन-अडीच मीटर अंतर ठेवून मास्क हनुवटीवर ठेवला आणि समोरून माणूस आला की वर घेतला. खरा धडा मांड्यांनी दिला. जिने चढून दम टिकतो, पण दगडगोट्यांत तोल सावरणारे स्नायू घरात बसून झोपलेले असतात. एरवी अडीच-तीन तासांची चढण, आम्हाला चार लागले. करोनातून उठलेला गडी पहिल्या शिडीच्या खाली आपणहून थांबला, त्याच्याबरोबर एक जण राहिला. शिडीवर एका वेळी एकच माणूस, वरचा बाजूला झाल्याशिवाय खालच्याने हात घालायचा नाही.

शिड्यांपाशी माकडं. नऊ महिन्यांत ती आम्हाला विसरली असतील हा आमचा गैरसमज. एका हुप्प्याने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून पुडकं पळवलं. त्यात खाऊ नव्हता, जादा मास्क होते. त्याने एकेक काढून चावून पाहिला आणि कारवीत फेकला. ते काठीने गोळा करायला अर्धा तास गेला. बाहेरच्या कप्प्यात काहीही ठेवू नका, आणि वापरलेल्या मास्कसाठी चेन असलेली वेगळी पिशवी न्या. वाटेत आम्हाला दुसऱ्यांचे टाकलेले अकरा मास्क मिळाले. कठडा ओलांडून खाली उडालेले वेगळेच.

गणेश दरवाज्यातून आत, गुहेतल्या रत्नादेवीला लांबूनच नमस्कार, हनुमान दरवाजा, मग माथा. गडाचं वर्णन करत नाही, ते पुष्कळांनी केलंय. नेढ्यात (कड्याला आरपार पडलेल्या भोकात) मात्र बसा. समोर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग, आणि वारा असा की तिथे कोणाला मास्कची आठवण झाली नाही. कोणी फारसं बोललंही नाही. दहा मिनिटांनी एकाने चिक्की वाटली, तीही पाकिटातली, प्रत्येकाला वेगळी.

अडीचला गावात उतरलो, रात्री दहाला पुण्यात. दुसऱ्या दिवशी, २१ ला, महापालिका क्षेत्रांत रात्रीच्या संचारबंदीची घोषणा झाली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली दुसरी तुकडी आम्ही पुढे ढकलली. दोर, हार्नेस क्लबच्या खोलीत परत ठेवताना त्यांना ब्लीच किंवा सॅनिटायझर लावू नका. सौम्य साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत वाळवून तीन दिवस वेगळे ठेवले की झालं. आणि निघण्यापूर्वी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा, पण साथीच्या काळात बचावाला येणारी पोरंही कोणाच्या तरी घरी परतणार असतात एवढं जाणून वाट निवडा.

निघताना मामांना कबूल केलं होतं की चौदा दिवसांनी फोन करेन. आमच्यातलं कोणी आजारी पडलं तर त्यांना कळायला हवं होतं, आणि उलटही. ३ जानेवारीला लावला. दगडावर उभं राहून बोलत असावेत, वाऱ्याचा आवाज येत होता.

"आम्ही सगळे बरे आहोत मामा. तुमच्याकडे?"

"काय नाय. म्हातारी पण टणटणीत. तुमचं एक ताट राहिलंय पण इथं. मावशी म्हणती, न्यायला या."