आधी धोंडा, मग बैल

आत झोपता येईल असा ट्रेलर गाडीमागे जोडून पुण्याहून निघून सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर करत औशाच्या पुढे आत्याच्या शेतात पोचायला आम्हाला तीन दिवस लागले. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणी महाल पाहिला. तुळजापूरला गर्दी इतकी होती की ट्रेलर गावाबाहेर लावून, रिक्षाने जाऊन दर्शन घेतलं. दोन्ही मुक्काम सपाट डांबरी जागेवर झाले. चाकाखाली ठेवलेले पिवळे प्लास्टिकचे ठोकळे रात्रभर जागचे हलले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर आमचा भरवसा बसला होता. ट्रेलर बांधून देणाऱ्या वर्कशॉपने ते फुकट दिले होते, "सोबत देतोच आम्ही" म्हणून.

येळवसेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या तासभर आधी आम्ही शेतात शिरलो. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे झोपडी, उभारून त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. आत्याची कोप बांधून झाली होती. तिच्या तोंडाशी माझी मुलगी पाटीतल्या शेंगा सोलायला बसली होती आणि आत्या आत चुलीची जागा सारवत होती.

कोपीच्या वरच्या अंगाला मुरमाड माळाचा तुकडा आहे. खाली काळं रान, वर हा माळ. पाणी साचत नाही, चिखल नाही, म्हणून ट्रेलर तिथे लावायचं ठरलं. गाडीचं तोंड चढाकडे, ट्रेलरची पाठ उताराकडे, म्हणजे कोपीकडे. उतार डोळ्यांना फारसा जाणवत नव्हता. नंतर दोरी धरून मोजला, दहा फुटांत एक फूट निघाला. आमचा ट्रेलर पाण्याच्या टाकीसकट नऊ क्विंटलचा. अशा उतारावर तो नव्वद किलोच्या रेट्याने खाली जाऊ बघतो, म्हणजे ज्वारीच्या पोत्याला दहा किलो कमी. हा हिशोब मला रात्री सुचला. दुपारी सुचायला हवा होता.

चाकांच्या मागे एकेक ठोकळा मी ठेवला. ठेवला म्हणजे पायाने सरकवला. नवऱ्याने पुढच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून नाक वर उचललं, कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाची जोडखोबण, गाडीमागच्या बॉलवरून सुटला, आणि ट्रेलर निघाला.

आवाज अजून कानात आहे. खर्र, खर्र, पाटीवर खडू ओढावा तसा. चाक ठोकळ्यावर चढलंच नाही, त्याला पुढे ढकलत घेऊन गेलं. डावा ठोकळा जमिनीत रुतलेल्या एका दगडाला अडला, उजवा घसरतच राहिला. त्यामुळे ट्रेलर सरळ न जाता डाव्या चाकाभोवती वळला आणि त्याची मागची बाजू कोपीकडे झुकली. नवरा नाकाचा लोखंडी दांडा धरून मागे रेटत होता. "सोड, सोड!" असं मी ओरडले, कारण त्याचे पाय मुरमावर सरकत होते. उजवं चाक बांधाशेजारच्या चारीत धपकन बसलं आणि सगळं थांबलं. मुलगी उठून उभी राहिली होती, हातात शेंग तशीच. कोपीपासून ट्रेलर पंधरा हातांवर होता.

कुणाला खरचटलंही नाही. पण मी खाली बसले ते मला लवकर उठता आलं नाही.

आत्या बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने आधी ट्रेलरकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आगं, बैल सोडायच्या आदी चाकाला धोंडा लावत्येत. मग शिपाई टेकवत्येत. मग बैल. तुमच्या गाडीला बैल न्हाईत म्हनून काय झालं?"

शिपाई म्हणजे बैलगाडीच्या दांडीखाली द्यायचा लाकडी टेकू. ट्रेलरच्या नाकाखालचं छोटं चाक म्हणजे दुसरं काय? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा क्रम लहानपणी मी याच शेतात शंभरदा पाहिलेला. धोंडा, शिपाई, बैल. गाडीला हँडब्रेक आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण आमच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. बॉलवरून कपलर सुटला की गाडीच्या ब्रेकचा ट्रेलरशी संबंध संपला. मग त्याला धरून ठेवायला चाकाखाली जे असेल तेवढंच. कोपऱ्यांतले चार जॅक आत चालताना होणारं हलणं कमी करतात, घरंगळणं रोखत नाहीत. पुढचं छोटं चाक स्वतःच फिरतं, त्याच्यापुढे ठोकळा ठेवून काही उपयोग नाही.

आतेभाऊ उसाच्या हंगामात कारखान्याला ट्रॅक्टर चालवतो. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तो कारखान्याच्या गव्हाणीच्या, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेच्या, रांगेत रात्र-रात्र उभा असतो, तेव्हा चाक अडवणं हा त्याचा रोजचा धंदा. त्याने आधी ट्रॅक्टर लावून ट्रेलर चारीतून वर काढला, सपाट तुकडा बघून उभा केला आणि मग आमचा ठोकळा उलटा करून मला दाखवला. आतून पोकळ, खालच्या कडा गुळगुळीत, आणि त्या कडांवर मुरमाचे खडे घासून पांढऱ्या रेघा उमटलेल्या. "ताई, खालचा मुरूम छर्ऱ्यावानी फिरतोय. ह्याला धरायला कायबी न्हाई." मग त्याने फावड्याने सुटा मुरूम खरवडून काढला, खालची घट्ट जमीन उघडी केली आणि तिथे माझा हात लावून बघायला लावला. हाताला ती ओबडधोबड, पक्की लागली. ठोकळा बसवायचा तो इथे, वरच्या भुग्यावर नाही.

उंचीही चुकली होती. टायरच्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा तरी ठोकळा असावा. आमचं टायर जमिनीपासून 23 इंच, म्हणजे ठोकळा पावणेसहा इंचांचा हवा. फुकटचा होता साडेतीन. सपाट डांबरावर रेटाच नव्हता म्हणून तो टिकला होता, एवढंच. कुटुंब आत झोपतं अशा वस्तूसोबत कुणी असा माल देतं, आणि आपण तो न बघता घेतो, याचा मला अजून राग येतो.

त्या रात्रीपुरते आत्याने दोन धोंडे दिले. चार बाजूंनी घडवलेले काळे दगड, एकेक उचलायला दोन्ही हात लागतील असे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आत्याचं मातीत रचलेल्या दगडी भिंतींचं घर गेलं. घरातली माणसं वाचली. नवं घर विटांचं झालं. जुन्या भिंतीतले हे दोन दगड तेव्हापासून बैलगाडीच्या चाकाला लावायला शेतात आहेत. बैल गेले, गाडी गेली, दगड राहिले. "गोल धोंडा कदी लावू नगं," आत्या म्हणाली, "त्यो चाकासंगंच घरंगळतोय. सपाट अंगाचा घे." चाकाच्या उताराकडच्या बाजूला तिने स्वतः दगड सारला आणि टाचेने दाबून बघितला.

दुसऱ्या दिवशी येळवस. भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. मडक्यातली आंबील मी तीन वेळा मागून प्यायले. वाटेने जाणारा एक अनोळखी मोटरसायकलवाला हाक मारून बसवला गेला आणि पोटभर जेवूनच सुटला. हॉटेलातलं आदरातिथ्य मला कधीच पटलं नाही, त्याचं मूळ बहुतेक या कोपीत आहे. दिवसभर माणसांची ये-जा होती आणि प्रत्येकाने ट्रेलरच्या चाकाखाली वाकून बघितलं. गोष्ट सगळ्या शिवारात पोचली होती.

तिसऱ्या दिवशी आतेभावाबरोबर लातूरला गेले. ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात भरीव रबराचे चार ठोकळे मिळाले, सहा इंच उंच, एकेक साडेतीन किलोचा, तळाला खोल खाचा. चाकाला टेकणारी बाजू टायरसारखी आत वळलेली. चारांचे मिळून दीड हजार. दोन कशाला पुरत नाहीत ते आम्ही पाहिलंच होतं. दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, असे चार. दोन अ‍ॅक्सलच्या मोठ्या ट्रेलरला दोन टायरांच्या मधे आवळायचा फाकता ठोकळाही मिळतो. त्याने आतलं डुलणं कमी होतं, पण तो जमिनीवरच्या ठोकळ्याची जागा घेत नाही. शिवाय थंडीच्या रात्री टायर आकसतात आणि तो सैल पडतो, पहाटे पुन्हा आवळावा लागतो.

आता आमची पद्धत ठरली आहे. आडव्या अंगाने तिरकं असेल तर आधी खालच्या चाकाखाली फळी. मग सुटा मुरूम झाडून चार ठोकळे, टायरच्या बरोबर मधोमध, हाताने रेटून अंतर उरलं नाही ना ते बघून. काळ्या मऊ रानात ठोकळ्याखालीही फळीचा तुकडा, नाहीतर तो रुततो. मग छोटं चाक टेकवायचं आणि शेवटी कपलर सोडायचा. पुढे-मागे लेव्हल करायची ती त्यानंतर. निघताना सगळं उलट. आधी गाडीला जोडायचं, ठोकळे सगळ्यात शेवटी. प्रत्येक जोडीला सुतळीच्या दोरीने बांधलंय, म्हणजे चाकाखाली हात घालावा लागत नाही आणि विसरूनही राहत नाही.

शेवटच्या रात्री आत्या ट्रेलरमधे झोपायला आली. दोनदा उठून बसली. "हलत न्हाई ना गं?" मी म्हटलं, नाही. पहाटे तिला शांत झोप लागली होती, तोंडावर पदर घेऊन.

परत निघालो तेव्हा धोंडे कोपीजवळ ठेवायला मी वाकले, तर आतेभाऊ म्हणाला, "ताई, यवढं करा. रस्त्यावर लावलेला दगड कदी मागं सोडू नगा. आमचेच लोक सोडतात. रातीला मोटरसायकलवाल्याला दिसत न्हाई."

औसा सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलो, राष्ट्रीय महामार्ग 361. अंधार पडला होता. एका वळणाच्या अलीकडे दिव्यात तो दिसला, डाव्या लेनच्या मधोमध, डोक्याएवढा. ट्रक किंवा ट्रॉली बंद पडली असणार, दुरुस्त होऊन गेली असणार, दगड तिथेच. नवऱ्याने गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावले. मी आधी दोन ठोकळे ट्रेलरच्या चाकांमागे ठेवले, मग रस्ता मोकळा बघून पळत गेले. दगड दोन्ही हातांनी उचलला. जड होता, आणि त्याच्या एका अंगावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा उमटलेला. त्याच वेळी समोरून एक मोटरसायकल आली, मागे बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं मूल. त्यांनी वेग कमी केला, मला ओलांडून गेले. दगड मी रस्त्यापलीकडच्या चारीत टाकला, परत येऊन ठोकळे उचलले, आणि दोरी हाताला गुंडाळून गाडीत बसले.