मे महिन्यात बंद न होणारा हीटर : माझा अनुभव

आमच्या अमळनेरला मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ अंशांवर असतो, आणि त्या दिवसांत मोटारीतला हीटर बंद होत नसेल तर प्रवासात काय हाल होतात, हे मी गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे अनुभवले. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या जळगावला होत्या. धरणगावमार्गे तासा-सव्वातासाचा रस्ता आहे, पण खिडक्या उघडल्या तर बाहेरची झळ आत येई आणि मिटल्या तर समोरच्या जाळीतून गरम हवा अंगावर येई. आईचे वय ७१ आहे. दुसऱ्या खेपेला तिला वाटेत भोवळ आली, आणि त्या दिवसापासून या बिघाडाचा छडा लावल्याशिवाय तिला गाडीत बसवायचे नाही, असे मी ठरवले.

बिघाड ओळखायला वेळ लागला, कारण तो हीटरचा आहे असे कुणालाच वाटले नाही. एसी लावूनही हवा जेमतेम कोमट येते, म्हणजे एसीचा गॅस संपला असणार, असा सर्वांचा समज झाला. माझाही तोच होता. जळगावातील एका दुकानात १८०० रुपये देऊन गॅस भरून घेतला. दुकानाच्या दारात, गाडी उभी असताना आणि इंजिन नुकतेच सुरू झालेले असताना, हवा खरोखरच गार लागली. पण पाळधी येईपर्यंत ती पुन्हा गरम झाली. पुढच्या खेपेला त्याच दुकानात ‘कॉम्प्रेसर कमजोर झाला आहे’ असे सांगण्यात आले आणि खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली.

घरी आल्यावर त्या दिवसाचा क्रम पुन्हा आठवून पाहिला, तेव्हा इंजिन थंड असेतो हवा गार येते आणि इंजिन तापले की ती तापते, ही गोष्ट ध्यानात आली. गॅस कमी असता तर हवा आरंभापासूनच कोमट यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, बाहेर गारवा असताना, एसी बंद ठेवला, तापमानाचा नॉब निळ्या टोकाला नेला, पंखा दोनवर ठेवला आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर जाळीपाशी धरून गाडी सुरू केली. आरंभी २९ अंश दिसले. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत दहा-बारा मिनिटे गावाबाहेर चक्कर मारली, तेव्हा तोच थर्मामीटर ५४ अंश दाखवत होता. नॉब निळ्यावर होता, एसी बंद होता आणि बाहेर अजून ऊन चढले नव्हते. म्हणजे ही उष्णता इंजिनाच्या पाण्याखेरीज दुसरीकडून येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना असा संशय असेल त्यांनी कुठेही पैसे देण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी, कारण तिला थर्मामीटर आणि सकाळची वीस मिनिटे यांपलीकडे काही लागत नाही.

पेट्रोल-डिझेलच्या मोटारीचा हीटर विजेवर चालत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंजिनाला थंड ठेवणारे कूलंट तापून ८०-९० अंशांपर्यंत जाते आणि त्यातले थोडे दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या लहान जाळीत, म्हणजे हीटर कॉइलमध्ये, फिरते. काही गाड्यांत त्या नळीवर व्हॉल्व्ह असतो आणि नॉब फिरवला की गरम पाणी अडते. माझ्या गाडीत तसा व्हॉल्व्ह नाही; पाणी सतत फिरत असते आणि एक फ्लॅप, म्हणजे लहानशी झडप, हवेला कॉइलमधून जाऊ द्यायचे की तिला वळसा घालून पुढे न्यायचे हे ठरवते. एसीची थंड कॉइल हवेच्या वाटेत आधी येते आणि हीटर कॉइल नंतर, त्यामुळे फ्लॅप गरम बाजूला अडकला तर एसीने गार केलेली हवा पुढच्याच टप्प्यावर पुन्हा तापते. आमच्या गाडीत नेमके हेच घडत होते, आणि म्हणूनच कितीही गॅस भरला तरी उपयोग होणार नव्हता.

हे पक्के झाले ते अमळनेरातल्याच एका जुन्या मेकॅनिककाकांकडे. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले आणि एसीच्या जाड नळीला हात लावून पाहिला. ती बर्फासारखी गार होती आणि तिच्यावर पाण्याचे थेंब जमले होते. ते म्हणाले, “ताई, गॅस बराबर शे. तुमना हीटरच बंद व्हत नही.” मग त्यांनी मला विचारले, की एवढ्यात हा नॉब कुणी लाल टोकापर्यंत फिरवला होता का?

त्या प्रश्नाने सगळा उलगडा झाला. एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात वाहनांची रांग लागली होती आणि चढावर इंजिनाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला होता. अशा वेळी हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनाची काही उष्णता कॉइलवाटे बाहेर पडते, हे मी ऐकून होते आणि ते खरेही आहे. तसे केल्यावर काटा खाली आला. पण तो नॉब कित्येक वर्षे निळ्या टोकावरच उभा होता. तो परत फिरवताना थोडा जोर लागला होता आणि मग एकदम सैल झाला होता, ही खूण मी त्या वेळी मनावर घेतली नाही.

काकांनी ग्लोव्ह बॉक्सचे स्क्रू काढून तो कप्पा बाहेर घेतला आणि मला खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहायला सांगितले. नॉब फिरवला की केबलचे काळे आवरणच मागेपुढे सरकत होते आणि फ्लॅपची दांडी जागची हलत नव्हती. सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखीच ही रचना आहे: बाहेरचे आवरण एका जागी घट्ट धरलेले असेल तरच आतली तार ओढली जाते. आवरण धरणारी प्लॅस्टिकची क्लिप इतक्या उन्हाळ्यांत वाळून ठिसूळ झाली होती आणि तिचे दोन तुकडे खाली पडलेले होते.

क्लिप सुटी मिळत नव्हती. केबलसह सगळा कंट्रोल बदलण्याऐवजी काकांनी लोखंडी पट्टीचा लहान क्लॅम्प त्याच भोकात स्क्रूने बसवला आणि आतल्या तारेला सिलिकॉन ग्रीस लावले. जुळणी करताना मात्र घाई चालत नाही. नॉब पूर्ण निळ्यावर ठेवायचा, फ्लॅपची दांडी हाताने थंड बाजूला शेवटपर्यंत दाबून धरायची आणि त्याच स्थितीत आवरण आवळायचे. पहिल्या वेळी फ्लॅप अगदी किंचित उघडा राहिला, तेवढ्यानेही जाळीतून १९ अंशांची हवा येत राहिली. क्लॅम्प सैल करून पुन्हा आवळल्यावर भर दुपारी थर्मामीटर १२ वर उतरला. काकांनी एकूण ३५० रुपये घेतले.

जळगावच्या दुकानात मला आणखी एक तोडगा सुचवला गेला होता, तो म्हणजे हीटरच्या दोन्ही नळ्या कापून टोके बंद करून टाकण्याचा. तो मी मानला नाही याचे मला समाधान आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडण्यापूर्वीचा पाण्याचा फेरा याच नळ्यांतून होतो, त्या बंद केल्यास इंजिनालाच धोका असतो. शिवाय खानदेशात हिवाळाही कडक असतो, आणि समोरची काच आतून धुरकटली की गरम हवेइतका चांगला उपाय नाही.

घाटात काटा का चढला, हेही काकांनी तेव्हाच पाहिले. रेडिएटरच्या वरच्या नळीची पकड ढिली होऊन कूलंट झिरपत होते आणि बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती. इंजिन पूर्ण निवल्यावरच त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले. तापलेल्या इंजिनावर ते उघडले तर दाबाखालचे पाणी उसळून हात-तोंड भाजते. नळीची पकड बदलून योग्य प्रमाणात कूलंट भरले, आणि त्यानंतर काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

आईच्या उरलेल्या दोन तपासण्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झाल्या आणि दोन्ही वेळा ती जाता-येता गाडीत शांत झोपली. आता दर महिन्याला एकदा मी तो नॉब दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून आणते. डिसेंबरात चोपड्याकडे जाताना तापीच्या पुलाजवळ दाट धुके होते आणि समोरची काच आतून धुरकटली, तेव्हा नॉब लाल टोकाला नेला, हवा काचेकडे वळवली आणि दोन मिनिटांत काच स्वच्छ झाली. परतीच्या वाटेवर ऊन आल्यावर तो पुन्हा निळ्यावर नेला, तेव्हा जाळीतून गार हवा आली.