वजन वाढतंय, गोळ्या बंद करू का?

तीव्र मनोविकारांवरच्या (अँटिसायकोटिक) गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न रुग्ण स्वतः क्वचितच विचारतो. तो खोलीबाहेर गेला की त्याची आई किंवा भाऊ आवाज उतरवून विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, कारण आजार उलटण्याचा धोका मोठा असतो; पण तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. ‘मन ताळ्यावर आले ना, मग वजनाचे काय एवढे’ असे पूर्वी मीही म्हणत असे, आणि ती माझी चूक होती.

या गोळ्यांपैकी ओलान्झापीन आणि क्लोझापीन यांनी वजन सर्वाधिक वाढते, क्वेटियापीन व रिस्पेरिडोनने मध्यम, तर अरिपिप्राझोल आणि लुरासिडोनने बहुधा कमी. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या रसायनांचे संदेश घेणारे जे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात, त्यांतले काही भूक आवरणारे असतात. ‘पोट भरल्याचे कळते, पण खा-खा थांबत नाही,’ असे एका रुग्णाने मला सांगितले होते. रात्री दोन वाजता तो स्वयंपाकघरात डबे उघडत असे आणि घरचे त्याला हावरट म्हणत. औषधाने लावलेल्या भुकेवर टोमणे हा इलाज नव्हे. खाण्याच्या वेळा ठरवाव्यात, गोड पेये घरात आणूच नयेत आणि फिरायला त्याला एकट्याला न पाठवता कोणीतरी सोबत जावे, एवढे घरच्यांच्या हाती असते.

उरलेले काम आमचे, डॉक्टरांचे. औषध सुरू करण्यापूर्वीच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी यांची नोंद व्हायला हवी. वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते पहिल्या काही महिन्यांत. म्हणून पहिले सहा आठवडे मी ते दर आठवड्याला पाहतो, आणि मूळ वजनाच्या ५ टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, वाढले की थांबून विचार करतो. औषध बदलता येते, मात्र हळूहळू. क्लोझापीन तर इतर औषधे लागू पडली नाहीत तेव्हाच दिलेले असते, त्यामुळे ते सहजासहजी सोडवत नाही. अशा वेळी मधुमेह नसला तरी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध जोडता येते. त्याने सरासरी तीनेक किलोंचा फरक पडतो. जादू नव्हे, पण लवकर सुरू केल्यास उपयोग अधिक होतो. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते आणि पुढे बी-१२ जीवनसत्त्वावर लक्ष ठेवावे लागते.

तहान आणि लघवी एकाएकी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता साखर तपासून घ्यावी, कारण या औषधांवर असताना वजन फारसे न वाढताही काहींना मधुमेह होतो.